डिकीत ड्रॉवर बसवायचाय? आधी वजनाचं बोलू

पाऊस तोंडावर आला की पुण्यातल्या थार, जिम्नी, गुरखा अशा गाड्यांवाल्यांना दोन गोष्टी आठवतात: ताम्हिणी, आणि डिकीत बसवायचा ड्रॉवर. पहिलीचं कारण सांगायला नको. दुसरीचं कारण रील. कुणीतरी गाडीचं मागचं दार उघडतो, एक खण ओढतो, त्यात शेगडी आणि चहाचं सामान. दुसरा ओढतो, त्यात दोऱ्या, पाने, टॉर्च, सगळं आपापल्या जागी. वर पातळ गादी टाकलेली. बघणाऱ्याच्या मनात लगेच येतं, की यात काय आहे, आपला ट्रॉलीवाला दोन दिवसांत करून देईल.

करूनही देईल. सुतारकाम म्हणून हे खरंच सोपं आहे. पण किचन ट्रॉली भिंतीला टेकून आयुष्यभर एका जागी उभी असते. हीच ट्रॉली उचलून कुणी ट्रकमध्ये ठेवली, ट्रक वरंध घाटातून नेला आणि वळणावर करकचून ब्रेक मारला, तर काय काय निखळेल याचा विचार करा. गाडीतल्या ड्रॉवरला रोज तेच सोसायचंय. म्हणून या कामात लाकूड शेवटी येतं. आधी वजन, मग धक्के, मग ब्रेक.

यात असतं काय काय

चार भाग. बाहेरचा खोका, त्याला सुतार ‘कार्कस’ म्हणतात, आपण सांगाडा म्हणू. त्यात सरकणारे एक किंवा दोन खण. खण ज्यावर सरकतो ते लोखंडी चॅनेल. आणि सांगाडा गाडीला जखडून ठेवणारी बांधणी. रीलमध्ये पहिले तीन दिसतात. चौथा दिसत नाही, म्हणून तो विसरला जातो, आणि खरा जीव त्यातच आहे. त्याच्याकडे येऊच.

गाडी किती ओझं उचलते?

दोन शब्द कळले की पुरे. ‘कर्ब वेट’ म्हणजे इंधन, ऑइल, कूलंट भरलेल्या पण माणसं आणि सामान नसलेल्या गाडीचं वजन. ‘जीव्हीडब्ल्यू’ म्हणजे माणसं-सामानासकट गाडीचं जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते कंपनीने ठरवलेलं. दोन्हींतला फरक ही तुमची शिल्लक.

पाच दारांच्या जिम्नीचं उदाहरण घ्या. ऑटोमॅटिकचं कर्ब वेट १,२१० किलो, जीव्हीडब्ल्यू १,५४५ किलो. शिल्लक ३३५. सरासरी ७५ किलोची चार माणसं बसली की ३०० गेले. उरले ३५ किलो. एवढ्यात चॅनेलसकट रिकामा ड्रॉवरही जेमतेम बसतो, त्यात सामान कुठून? दोघंच जाणार असाल तर मात्र १८५ किलो उरतात, आणि मग ड्रॉवर, पाणी, शेगडी, तंबू सगळं आरामात मावतं.

म्हणजे पहिला प्रश्न ‘ड्रॉवर कसा बनवू’ हा नसून ‘गाडीत माणसं किती’ हा आहे. घरात दोन मुलं असतील आणि मागची सीट नेहमी लागत असेल, तर हा लेख पुढे वाचा जरूर, पण प्लाय आणायला जाऊ नका.

वजन कुठे ठेवलंय यानेही फरक पडतो. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे ठेवलेलं ओझं मागची चाकं दाबतं आणि पुढची थोडी उचलतं, साधी तरफ. समजा ८० किलोचा खोका अ‍ॅक्सलच्या ४० सेंटीमीटर मागे आहे. जिम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २,५९० मिलिमीटर. हिशोब केला तर पुढच्या चाकांवरचं सुमारे १२ किलो वजन कमी होतं आणि मागच्या चाकांवर ९२ येतं. बारा किलो ऐकायला काहीच नाहीत. पण खोका भरत भरत १५० किलोवर नेणारे लोक आहेत, आणि ओल्या चढावर स्टिअरिंग हलकं लागायला लागलं की ते टायरला शिव्या घालतात. सीट दुमडून खोका जितका पुढे, अ‍ॅक्सलच्या वर आणाल, तितकं बरं.

प्लाय: बारा की अठरा?

सुताराला सांगाल तर तो अठरा एमएम म्हणेल. घरच्या फर्निचरची सवय. त्याच्याशी वाद न घालता गणित करा.

९० सेंटीमीटर रुंद, ८० खोल, २८ उंच असा सांगाडा आणि त्यात दोन खण धरले, तर सगळा मिळून साधारण चार चौरस मीटर प्लाय लागतो. चांगला हार्डवुड प्लाय घनमीटरला ६५० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे बारा एमएममध्ये ३१ किलो, अठरामध्ये ४७. तेवढ्याच मापाच्या खोक्यात १६ किलोचा फरक, म्हणजे जवळपास पाण्याचा एक जार. बारा एमएम पुरतो. ताकद जाडीतून आणण्यापेक्षा मधल्या उभ्या फळीतून आणा. ती वरच्या फळीला आधार देते आणि तुम्ही वर झोपलात तरी फळी दबत नाही. खणाचा तळ नऊ एमएमचाही चालतो, फक्त तो खाचेत बसवा, नुसता खालून ठोकू नका.

दर्जाच्या बाबतीत मात्र कंजुषी नको. आयएस ३०३ या भारतीय मानकाखाली येणारा ‘एमआर’ प्लाय हा घरातल्या दमटपणापुरता. पावसाळ्यात ओले बूट, ओला तंबू, चिखलाची दोरी हे सगळं या खोक्यात जाणार. आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये ‘वॉटरप्रूफ आहे साहेब’ असं सगळ्याच शीटबद्दल सांगितलं जातं, त्यामुळे तोंडी शब्दावर न जाता शीटवरचा छापा स्वतः वाचा. आणि मरीन असला तरी कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. पाणी प्लायच्या तोंडातून शिरतं, पाठीतून नाही. प्रत्येक कडेला पॉलियुरेथेनचे दोन हात, स्क्रूच्या भोकांतसुद्धा.

वरून सनमायका लावायचा मोह होतो. टाळा. वजन वाढतं, आणि वर ठेवलेलं सामान त्यावरून निसटतं. फेल्टचं कार्पेट हलकं, स्वस्त, आणि आवाजही खातं.

चॅनेल: पैसे इथे जातात, चुकाही इथेच होतात

दुकानात सगळीकडे मिळतो तो ४५ एमएम रुंदीचा टेलिस्कोपिक चॅनेल. आत स्टीलच्या गोळ्या असतात, त्यावर खण सरकतो. त्यावर ‘४५ किलो’ लिहिलेलं असतं. हे ४५ किलो जोडीचे, आणि स्थिर उभ्या कपाटातले. खड्ड्यात गाडी आदळली की तीस किलोचा खण क्षणभर दुप्पट-तिप्पट वजनाचा होतो, आणि तो सगळा मार त्या बारीक गोळ्यांवर. काही महिन्यांत पत्र्याला खोबणी पडतात आणि खण अडकायला लागतो.

गाडीसाठी ७६ एमएमचा हेवी ड्यूटी चॅनेल असतो, कुलूपवाला. कुलूप दोन्ही बाजूंनी हवं: बंद असताना उघडू नये म्हणून, आणि उघडा असताना बंद होऊ नये म्हणून. दुसरं लोकांच्या लक्षात येत नाही. गाडी उतारावर नाक खाली करून उभी असेल, तुम्ही खणात हात घातलाय आणि तीस किलोचा खण आपोआप आत गेला, तर बोटं कुठे असतील?

आता मापाचं. ४५ एमएमचा चॅनेल एका बाजूला १२.७ मिलिमीटर जागा खातो, ७६ चा सुमारे १९. दोन खणांना चार चॅनेल, म्हणजे हेवी ड्यूटीत रुंदीतले ७६ मिलिमीटर नुसते लोखंडात गेले. शिवाय ही जागा नेमकी लागते. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी झाला तर खण घट्ट, अर्धा सूत जास्त झाला तर गोळ्या सुटतात. त्यासाठी सांगाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात पाहिजे. गुण्या लावून चारही कोपरे बघा, आणि त्याहून खात्रीचं म्हणजे समोरच्या तोंडाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही सारखे आले तर चौकोन सरळ. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर चॅनेल लावण्याआधी दुरुस्त करा. नंतर कितीही ग्रीस लावा, उपयोग नाही.

चॅनेल बसवताना लाकडाच्या स्क्रूवर भिस्त ठेवू नका. बारा एमएम प्लायमध्ये स्क्रू धरतो जेमतेम दहा मिलिमीटर, आणि हादऱ्यांनी तो स्वतःच बाहेर यायला लागतो. आरपार बोल्ट, आणि नायलॉक नट. नायलॉक म्हणजे ज्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकची कडी असते तो. तो हादऱ्यांनी सहसा सैल होत नाही.

चॅनेलशिवाय चालतं का?

चालतं, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला मी हेच सुचवेन. सांगाड्याच्या तळाला आणि खणाच्या खाली एचडीपीईच्या पट्ट्या लावायच्या. भाजी चिरायचा पांढरा प्लॅस्टिकचा बोर्ड बघितलाय ना, त्याच जातीचं प्लॅस्टिक. शीट विकत मिळतं, लाकडाच्या करवतीने कापता येतं. खण त्यावर घसरतो. चाळीस किलोचा खण ओढायला आठ ते बारा किलोचा जोर लागतो, म्हणजे एका हाताने जरा नेटाने. चॅनेलसारखं एका बोटाने सरकणार नाही. पण हीच घासण उतारावर खणाला हळू करते, लाल मातीची धूळ गोळ्यांत जाऊन चिकट लगदा व्हायचा प्रश्न उरत नाही, काही किलो वाचतात आणि रुंदीतले ते ७६ मिलिमीटरही परत मिळतात.

एकच गोष्ट बघायची. खण पूर्ण बाहेर येऊन पायावर पडू नये म्हणून मागे अडणी हवी, आणि खणाच्या वरच्या कडेलाही पट्टी हवी, म्हणजे अर्धा बाहेर आल्यावर तो पुढे कलत नाही. पूर्ण उघडत नाही हा तोटा आहेच. मागच्या कोपऱ्यात पोचायला हात लांब करावा लागतो. तिथे कमी लागणाऱ्या वस्तू ठेवा.

दोन्ही खण एकदम उघडले तर?

वरच्याच मापाचा खोका घ्या. नुसता सांगाडा साधारण १८ किलोचा. प्रत्येक खण सामानासकट ३० किलो. चॅनेलवर एक खण पूर्ण बाहेर आला की त्याचं वजन डिकीच्या काठापासून ३७ सेंटीमीटर बाहेर लोंबतं. आत सांगाडा आणि बंद असलेला दुसरा खण त्याला धरून ठेवतात, म्हणून काही होत नाही. दुसराही उघडलात की आत उरला फक्त १८ किलोचा सांगाडा, बाहेर ६० किलो. खोका सरळ पुढे पालथा पडतो. तुमच्या पायावर. जखडलेला नसेल तर.

ब्रेक लागला तर काय होतं

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे जो लांब उतार आहे, तिथे किती अपघात होतात हे पुणेकरांना सांगायला नको. तिथे समोर अचानक काही आलं आणि ब्रेक दाबला, तर कोरड्या रस्त्यावर चांगली गाडी गुरुत्वाच्या साधारण पाऊणपट वेगाने मंदावते. म्हणजे ८० किलोचा खोका पुढे ६० किलोच्या जोराने ढकलला जातो. एवढं साधे पट्टेही सहन करतील.

धडक झाली तर गणित वेगळं. ताशी ५० किलोमीटरचा वेग, आणि पुढचा भाग चेपत गाडी ६० सेंटीमीटरमध्ये थांबली असं धरा. सरासरी मंदन येतं गुरुत्वाच्या सोळा पट. ८० किलोचा खोका त्या क्षणी तेराशे किलोच्या जोराने पुढे येतो. तुमच्या पाठीवर.

सीटच्या पाठीने सामान अडवावं, अशी अपेक्षा असते का? असते, पण कितीची ते बघा. सीटसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १७ क्रमांकाच्या नियमावलीत सामानाची चाचणी आहे: ताशी ५० किलोमीटरला सीटमागे १८ किलोचे दोन ठोकळे. म्हणजे ३६ किलो. तुमचा खोका भरून त्याच्या दुप्पट. आणि सीट दुमडून वर खोका ठेवला असेल, तर मागच्या सीटची पाठ मधे राहिलीच नाही. खोका आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये फक्त ड्रायव्हरची सीट. कंपनीने बसवलेली सीट वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेसारख्या ठिकाणच्या चाचण्यांतून जाते. आपला खोका कुठल्याच चाचणीतून जात नाही, त्यामुळे बांधणी गरजेपेक्षा जास्त ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे.

‘मी भोक पाडणार नाही, पट्ट्याने बांधीन’

भोकं न पाडायचा निर्णय बरोबरच आहे. डिकीच्या पत्र्याखाली इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग जाते. ड्रिल नेमका कुठे उतरेल हे वरून दिसत नाही. पण दुकानातून आणलेल्या बंजी कॉर्डने खोका ‘बांधला’ असं म्हणू नका. ती ताणते, हेच तिचं काम.

गाडीत सामान बांधायच्या कड्या असतात. त्यांची ताकद माहितीपुस्तकात दिली असेल तर वाचा. याशिवाय दुमडलेल्या सीटचे कारखान्यातले बोल्ट असतात, त्याच बिंदूंवर पोलादी पट्टी बसवून तिला सांगाडा जोडता येतो. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र हात लावायचा नाही. तो जीव वाचवायचा बोल्ट आहे, तुमची शेगडी धरायचा नाही.

बोल्ट स्वतः फारसा दगा देत नाही. ८.८ दर्जाचा एम-८, म्हणजे आठ मिलिमीटर जाडीचा बोल्ट सुमारे दोन टनांचा ताण न ताणता सोसतो. फाटतो तो त्याच्याभोवतीचा पातळ पत्रा, किंवा प्लाय. म्हणून प्लायच्या बाजूने तळहाताएवढी पोलादी पट्टी किंवा निदान मोठा वॉशर हवा, म्हणजे जोर पसरतो. नाना पेठेत किंवा भोसरीत एखाद्या फॅब्रिकेटरकडे चार पट्ट्या कापून भोकं पाडून घ्यायला फार खर्च येत नाही. आणि बांधणी फक्त पुढे-मागे नको, वर उचलण्यालाही अडवणारी हवी. गाडी कलंडली तर खोका छतावर पडतो.

खोक्याच्या वर ठेवलेलं सामान वेगळंच. उत्तम ड्रॉवर करून त्यावर मोकळा वीस लिटरचा पाण्याचा कॅन ठेवणारे बघितले की हसावं की रडावं कळत नाही. जाळी बांधा, किंवा कॅन खाली घ्या.

आरटीओ काय म्हणेल?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ म्हणतं, की आरसीवरचे तपशील उत्पादकाने ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आरसीवर आसनक्षमता लिहिलेली असते. मागची सीट कायमची काढून खोका बसवलात तर गाडी आणि आरसी जुळत नाहीत. सीट जागेवर दुमडलेली, खोका कारखान्याच्याच बोल्टवर आणि पान्याने पंधरा मिनिटांत निघणारा असेल, तर तो सामान म्हणून सांगता येतो. माझा कल याच रचनेकडे आहे. तिच्यात गाडीही विकायला सोपी जाते. विमा कंपनीला एक ईमेल टाकून ठेवा आणि आलेलं उत्तर जपा. फोनवर ‘काही हरकत नाही’ म्हणणारा माणूस क्लेमच्या वेळी सापडत नाही.

एवढं करण्यापेक्षा खोकी काय वाईट?

काहीच वाईट नाहीत. झाकणाची चार प्लॅस्टिक खोकी, कड्यांना बांधलेली चांगली जाळी आणि दोन रॅचेट पट्टे, यात बहुतेकांचं काम भागतं. वजन आठ-दहा किलो, आणि घरी आल्यावर सगळं उचलून माळ्यावर. वर्षातून दोनदा पवना किंवा मढे घाटाला जाणाऱ्याने ड्रॉवर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जो महिन्यातून एकदोनदा बाहेर राहतो, गाडीत झोपतो, ज्याला भर पावसात खालचं खोकं काढण्यासाठी वरची तीन उतरवायचा कंटाळा आलाय, त्याच्यासाठी ड्रॉवर.

अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलचा सांगाडा हाही पर्याय आहे. कुजत नाही, नीट दिसतो. पण महाग, त्याचे सांधे वरचेवर आवळावे लागतात, आणि फळ्या प्लायच्याच लावल्या तर वजनात फारसं काही वाचत नाही.

करवत लावण्याआधी आणि नंतर

कापायच्या आधी पुठ्ठ्याचा खोका करून डिकीत ठेवून बघा. बाजूला उघडणाऱ्या दाराच्या गाड्यांत दाराची आतली बाजू, बिजागरी आणि खण यांची गाठ पडते का, ते पुठ्ठ्यावरच कळतं. जॅक आणि पाना कुठे आहेत तेही तेव्हाच शोधा. स्टेपनी मागच्या दारावर असते म्हणून लोक निश्चिंत असतात, आणि जॅक भरलेल्या ड्रॉवरखाली गाडला जातो. गॅसच्या डब्या खणात ठेवून गाडी भर उन्हात लावू नका. त्यांच्यावर ५० अंशांची मर्यादा लिहिलेली असते आणि बंद गाडी तिथवर सहज पोचते.

सगळं बसलं की नेहमीसारखं सामान भरा, माणसं बसवा, टाकी फुल करा आणि ट्रक तोलतात त्या वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. दोन्ही पावत्यांतला फरक म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरचं वजन. एकूण आकडा जीव्हीडब्ल्यूच्या वर गेला असेल तर आधी पाणी कमी करा. लिटरमागे एक किलो सुटतो आणि वाटेत पुन्हा भरता येतं. टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे भरा. पहिल्या कच्च्या रस्त्यानंतर सगळे नट एकदा पान्याने तपासा, आणि बांधणीचा एखादा जरी सैल मिळाला तरी तो नुसता आवळून गप्प बसू नका, तिथे मोठी पट्टी घाला.